निरक्षर असण्याची पात्रता

प्रौढ शिक्षणाला सार्वजनिक निधी देताना पात्रतेची रेषा कुठे ओढावी, हा प्रश्न भारतीय प्रशासनाने दरवेळी नव्या हिशेबाने सोडवला आहे. २००९ साली सुरू झालेल्या ‘साक्षर भारत’ योजनेत निकष माणसाला नव्हे तर जिल्ह्याला लावला होता: २००१ च्या जनगणनेनुसार जेथे प्रौढ स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून कमी, तो जिल्हा पात्र, त्यामुळे ५१ टक्क्यांच्या जिल्ह्यातील निरक्षर बाईला शेजारणींच्या शिकलेपणाची शिक्षा भोगावी लागे. (नक्षलग्रस्त जिल्ह्यांना मात्र या अटीतून सूट होती.)

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ने, म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमाने, हे कुंपण काढून पंधरा वर्षांवरील प्रत्येक निरक्षराला पात्र मानले, हे औदार्य खरेच, परंतु १,०३७.९० कोटी रुपयांच्या तरतुदीला पाच कोटी शिकणाऱ्यांच्या लक्ष्याने भागले, तर माणशी सुमारे २०८ रुपये हाती येतात. पूर्वी गावातील केंद्र सांभाळणाऱ्या ‘प्रेरका’ला दरमहा २,००० रुपये मानधन तरी होते, आता शिकवणारा स्वयंसेवक, अर्थात विनावेतन, असल्यामुळे मानधनाच्या रकान्यात कर्तव्यभावना जमा दाखवता येते. नोंदणी सर्वेक्षकामार्फत होते, शिवाय इच्छुकाला मोबाईलवरील अ‍ॅपमधून ती स्वतःही करता येते. ही दुसरी सोय तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना विशेष आवडावी, कारण जो निरक्षर हा अर्ज वाचून बिनचूक भरील, तो त्याच क्षणी अपात्र ठरायला हवा.