कोरड्या बंदराचा खलाशी

मी जहाजावर नोकरीला आहे हे छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात सगळ्यांना ठाऊक आहे. पटलेलं मात्र फारच थोड्यांना. मर्चंट नेव्हीतलं ‘नेव्ही’ तेवढं लोकांच्या कानात शिरतं. म्हणून मी सुट्टीवर असलो की २६ जानेवारीला कोपऱ्यावरच्या शाळेतून हमखास बोलावणं येतं. मुलं कडक सॅल्यूट ठोकतात आणि मुख्याध्यापक ‘सीमेवरचे दोन शब्द’ सांगायला लावतात. मी कोळसा, गहू आणि चिनी खेळणी वाहून नेणाऱ्या जहाजांची इंजिनं पुसतो, हे त्या दोन शब्दांत बसवणं अवघड जातं.

मंडईतल्या फळवाल्याची शंका वेगळी. “भाई, रातकू जहाज कां खडा करते?” मी म्हटलं, उभं करतच नाहीत, रात्रभर चालतं. “फिर सोते कब?” चार तास ड्यूटी, आठ तास मोकळे, पुन्हा चार तास ड्यूटी, चोवीस तासांत दहा तास विश्रांती द्यावीच लागते, असा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, हेही मी त्याला सांगितलं. त्याने एक मोसंबी उचलून तराजूत टाकली आणि म्हणाला, “दस घंटे आराम? मियाँ, फिर घर कायकू आते?”

त्याला उत्तर द्यायचं म्हणजे रिलीव्हर या प्राण्याची ओळख करून द्यावी लागते. आम्हा खालच्या खलाशांचं कॉन्ट्रॅक्ट साधारण नऊ महिन्यांचं. ते संपलं तरी आपल्या जागी येणारा माणूस बंदरात पोचेपर्यंत उतरता येत नाही. रिलीव्हर पुढच्या बंदरात येणार असतो. तो कायम पुढच्याच बंदरात येणार असतो. २०२० मध्ये करोनाने बंदरांची दारं लावली तेव्हा जगभरातल्या लाखो खलाशांचे असे रिलीव्हर अडकले. तेव्हापासून आमच्या घरी लग्नाच्या तारखा मला विचारून काढत नाहीत. मी आलो तर जेवायला असतो, एवढंच.

आमच्या जहाजाचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दाभोळचे. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या खलाशी झालेले, त्यामुळे त्यांच्या लेखी घाटाच्या वरचा माणूस म्हणजे चुकून बोटीत चढलेलं जनावर. “काय रे घाटावरच्या, तुमच्याकडे बोट चालते ती लग्नाच्या पत्रिकेवर, हो ना?” मी म्हटलं, चाचा, पत्रिकेवर नाही, नाण्यावर. आमच्या पैठणच्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीने दोन डोलकाठ्यांचं जहाज नाण्यावर छापलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय की पैठणचा माल भडोच बंदरात येतो आणि पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आहे. शिवाय आमचं शहर, तेव्हाचं खडकी, १६१० मध्ये वसवलं ते मलिक अंबरने. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस समुद्र ओलांडूनच दख्खनेत आला. चाचांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, तुला पोहता येतं?”

हा प्रश्न मला आधीही विचारला गेला होता. जहाजावर चढण्यापूर्वी सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, काढायला काही सक्तीचे कोर्स करावे लागतात. आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे, आणि बुडत्या जहाजावरून उडी मारून तराफ्यात कसं चढायचं. तलावाच्या काठावर मास्तरांनी विचारलं, “पोहता येतं का?” मी म्हणालो, “पाणी असलं तर येतं, सर.” त्यांना वाटलं मी आगाऊपणा करतोय. ते मुंबईचे होते. आटलेल्या विहिरीकडे बघत काढलेले उन्हाळे त्यांना कुठून माहीत असणार?

आणि इथेच माझा मुद्दा आहे. समुद्रावर जायला कोकणी माणूस लागतो हा गैरसमज आहे. कोकणी माणसाला पाण्याची सवय असते. जहाजावर उपयोगी पडते ती पाणी नसण्याची सवय. ती आमच्याइतकी कुणाला आहे?

जहाज गोडं पाणी स्वतः तयार करतं. इंजिन थंड करून तापलेलं पाणी असतं ऐंशीएक अंशाचं. त्याची उष्णता एका बंद भांड्यातल्या समुद्राच्या पाण्याला देतात. भांड्यातली हवा ओढून घेतलेली असल्यामुळे ते पाणी चाळीस-पन्नास अंशांतच उकळतं, वाफेचं गोडं पाणी होतं आणि मीठ मागे राहतं. याला फ्रेश वॉटर जनरेटर म्हणतात. मध्यम जहाजावरचं यंत्र दिवसाला २०-२५ टन पाणी देतं, म्हणजे आमच्या गल्लीत येतात तसले पाच हजार लिटरचे चार-पाच टँकर. पिणारी आणि आंघोळ करणारी माणसं वीस-बावीस. नळ फिरवला की पाणी, रात्री तीनलाही पाणी, गरमसुद्धा. पहिल्यांदा चढलो तेव्हा मी केबिनमधली बादली, मग, पाण्याच्या बाटल्या, चहाचा थर्मास असं सगळं भरून ठेवलं. तपासणीला आलेल्या चीफ ऑफिसरने विचारलं, “ये क्या है?” म्हटलं, साब, उद्याचं कुणी सांगावं.

पण किनारा जवळ आला की हे यंत्र बंद करतात, कारण बंदराजवळचं पाणी घाण असतं. मग टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. नांगर टाकून दहा-बारा दिवस बाहेर थांबावं लागलं की जहाजावर दुष्काळ पडतो. कॅप्टनची नोटीस लागते, कपडे धुवायची मशीन बंद होते, गोव्याचा चीफ कुक भांड्यांकडे बघून सुस्कारे टाकतो, आणि केरळचा वायपर आंघोळीवाचून वेडा व्हायच्या बेतात येतो. मी अर्ध्या बादलीत आंघोळ करून त्याच पाण्यात मोजे धुतो. टाकीत किती पाणी उरलं हे पट्टी सोडून मोजतात, त्याला साउंडिंग म्हणतात. लोक ते कोर्समध्ये शिकतात. मी आईला हौदात काठी बुडवून ओला भाग बोटांनी मोजताना बघत मोठा झालो. माझा अंदाज पट्टीच्या आधी येतो. चीफ साब एकदा म्हणाले, “तू कहाँ से है?” मी गाव सांगितलं. ते म्हणाले, “डेझर्ट में है क्या?” मी म्हटलं, नाही साब, आमच्याकडे आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक आहे. फक्त आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

आता जहाजावर वायफाय आलंय. इतर खलाशांना बायकांचे निरोप येतात : जेवलात का, तब्येत कशी आहे, कधी येणार. मला दोन शब्द येतात : “पाणी आलं.” ते बहुधा मध्यरात्री येतं, तिथल्या. मी अटलांटिकमध्ये असलो तर माझी संध्याकाळ असते. मी ‘दोन्ही ड्रम भरा’ असं उत्तर पाठवतो आणि इंजिन रूममध्ये उतरून चार टँकर गोडं पाणी बनवतो. कधी निरोप येतो, “१४०० ची लाइन फुटली.” पैठणहून येणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्या आमच्याकडे घरातल्या माणसांसारख्या आजारी पडतात, आणि त्यांच्या तब्येतीची बातमी मला सुएझमध्येही कळते.

मोम्बासाला एकदा बंदराबाहेर पाय मोकळे करायला निघालो. तिथे दुचाकीवरून माणसं नेतात, तिला बोडा-बोडा म्हणतात. टाकीवर बजाजचं नाव बघून माझी छाती भरून आली. आमच्या शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यातून दुचाकी आफ्रिकेत जातात, त्यातलीच असणार असं मी धरून चाललो आणि चालकाला सांगितलं, ही गाडी माझ्या गावची आहे. त्याने गाडी थांबवली, उतरला, माझा हात हातात घेतला आणि सायलेन्सरचा आवाज, चेनचा ताण आणि पुढच्या ब्रेकबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे नोंदवल्या. भाडं पूर्ण घेतलं.

जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्टचं भूमिपूजन २५ डिसेंबर २०१५ ला झालं. मराठवाड्याच्या नशिबी अखेर बंदर लिहिलं गेलं, तेही कोरडं. बोसनचाचांना मी ही बातमी अजून कळवलेली नाही.

पोरांना मात्र कळलीय. सुट्टीवर आलो की मिसरूड फुटलेली चार-सहा पोरं घड्याळाच्या मनोऱ्याखाली गाठतात. “भैया, हमकोभी लगाव ना.” त्यांना डॉलर दिसत असतात, इंजिन रूममधले पंचेचाळीस अंश आणि जुलैतला अरबी समुद्र दिसत नाहीत. तरी मी नाही म्हणत नाही. फक्त एक सांगतो, ते वाचणाऱ्यांनीही आपल्या घरातल्या पोरांना सांगावं. जहाजावर लावून देतो म्हणून कुणी लाखांत पैसे मागितले, तर तो फसवतोय हे नक्की. २०१६ च्या नियमांप्रमाणे भरती करणाऱ्या कंपनीला सरकारी परवाना लागतो आणि नोकरी लावल्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. ती आधी बघा. एजंटाने तरी आग्रह केला तर चहा प्या, पैसे देऊ नका, आणि घरी पाणी यायची वेळ झाली असेल तर चहाही अर्धा सोडून उठा.