खुनी कोण, हे काकाजी ठरवतील

गोंदिया शहर कुठे संपलं आणि मुर्री कुठे लागली, हे नवख्याला कळत नाही. घरं सलग आहेत; मध्येच एखादी धानाची बांधी दिसली की समजायचं, आलं गाव. इथे एकच माणूस दुकानात हिंदी बोलतो, घरात मराठी आणि रागावला की पोवारी. अशा गावात मोहल्ल्याला एक तरी काकाजी असे लाभलेले असतात, की फाटक उघडून तुम्ही ओसरीपर्यंत पोचायच्या आत तुमचा तपास पूर्ण झालेला असतो.

"डावी चप्पल घासून रायली. खिशात किल्ल्या हायेत. दोनदा थांबला, म्हंजे काहीतरी मागाले आला," असा आतून आवाज येतो. तुम्ही खरोखरच शिडी मागायला आलेले असता.

हे काकाजी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले नसतात. राइस मिलमध्ये दिवाणजी, पोस्टात सॉर्टर, शाळेत मास्तर, काहीही असू शकतात. त्यांचं खरं शिक्षण रात्री झालेलं असतं, आणि त्या शाळेचे सगळे गुरुजी एका लाकडी किंवा कातडी डब्यात राहत. रेडिओवरच्या रहस्यनाटकांवर पोसलेली ही पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली. केस गेले, दात गेले, पण कान अजून ड्युटीवर आहेत.

विविधभारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. म्हणजे साबणाची, केसतेलाची आणि डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात ऐकण्याचा मान विदर्भाला दिल्लीच्या आधी मिळाला. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की काकाजी ही एक गोष्ट जमेच्या बाजूला धरतात. जाहिराती आल्या म्हणून प्रायोजक आले, प्रायोजक आले म्हणून मालिका आल्या, आणि मालिकांत मुडदे पडू लागले.

त्यातलं काकाजींचं दैवत म्हणजे इन्स्पेक्टर ईगल. थर्मास बनवणाऱ्या ईगल कंपनीनं प्रायोजित केलेला, म्हणून नावही थर्मासचंच. आजच्या पोरांना यात हसण्यासारखं वाटतं. काकाजींना वाटत नाही. त्यांच्या मते ज्याचा चहा तपास संपेस्तोवर गरम राहतो, तोच खरा इन्स्पेक्टर. त्यांनी त्या काळी गोंदियाच्या बाजारातून तसला थर्मास आणला. त्याची आतली काच केव्हाच फुटली. पण भांडं टाकलेलं नाही. त्यात आता टॉर्चचे सेल, रबरबँड आणि रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक ठेवलेलं असतं. हो, रेडिओ ऐकायला एके काळी लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. काकाजी म्हणतात, तेव्हापासूनच ऐकणाऱ्याची पत गेली. आता कोणीही ऐकतो.

माझं मत विचाराल तर त्या नाटकांतली निम्मी सुमार होती. खलनायक बोलण्याआधी हसायचा, त्यामुळे पहिल्या मिनिटालाच ओळखू यायचा. बाई किंचाळली की कुत्रा भुंकायचा, आणि तो कुत्रा सगळ्या नाटकांत एकच असावा असा दाट संशय येई. शिवाय ऐकणाऱ्याला काही दिसत नाही म्हणून पात्रांना सगळं तोंडानं सांगावं लागे. "अरे! यह तो वही चाकू है, जो मेज़ के नीचे पड़ा हुआ है!" असं कोणता शहाणा माणूस एकट्यानं खोलीत उभा राहून बोलेल?

काकाजी बोलतात. चाळीस वर्षं तेच ऐकल्याचा हा परिणाम. जेवायला बसले की म्हणतात, "हा मी पाटावर बसलो. समोर ताट हाये. ताटात भात हाये, त्यावर वरन... आनि हे काय! लोनचं?"

"मले दिसते जी," काकी म्हणतात. "मीच वाढलं."

पण काकाजींना थांबवता येत नाही. मोटरसायकलवर मागे बसले तरी, "आता आपन रेल्वे फाटकाजवळ आलो. फाटक बंद होऊन रायलं," असं चालूच. चालवणाऱ्या पुतण्याला गाडी भिंतीवर घालावीशी वाटते. काकाजी तेही वेळेवर सांगतील.

दुसरी लागण याहून वाईट. मालिकेचा भाग नेमका खुन्याचं नाव येण्याआधी संपायचा आणि आठवडाभर गाव तळमळायचं. ही कला काकाजींनी व्यवहारात आणली. दोन भावांत धुऱ्याचा वाद होता. पावसाळ्यात बांधीचं पाणी रात्री कोणीतरी फोडून दिलं होतं आणि काकाजी त्या रात्री तिकडेच जागलीला होते. बैठक बसली. काकाजींनी सुरुवात अंधारापासून केली. मग बेडूक आले, मग पाऊस थांबला, मग चिखलात पचक-पचक पावलं वाजली. "पावलं धुऱ्याजवळ थांबली. कुदळीचा आवाज आला. म्या टॉर्च मारला. आनि पाहातो तं..." इतकं बोलून काकाजी उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बाकी उद्या." दोन्ही भाऊ रात्रभर झोपले नाहीत. पहाटे ज्यानं पाणी फोडलं होतं तो स्वतःच येऊन कबूल झाला. पोलिसांच्या हिशेबी हा तपासाचा प्रकार बसतो की नाही कोण जाणे, पण मुर्रीत तो चालतो.

जागल हीच या काकाजींची खरी पाठशाळा. धान कापून पुंजणे रचले की रात्री कोणीतरी राखायला हवं. उन्हाळी धानाला मोटारपंपाची लाइन मध्यरात्रीच मिळणार. घरातला कर्ता माणूस कांबळं, टॉर्च, विडीचा कट्टा आणि ट्रान्झिस्टर घेऊन शेतावर जायचा. तेंदूपत्त्याच्या या मुलखात विडीला कमी नाही, पण सेलला होती. म्हणून कमजोर सेल दिवसा छपरावर उन्हात वाळत घालायचे. थोडी धुगधुगी परत यायची. कुरोड्या आणि सेल एकाच खाटेवर वाळत पडायचे, आणि काकी एकदा संतापून म्हणाल्या होत्या की तळताना चुकून तुमचा सेल गेला तर मला विचारू नका.

रात्रीचं एक गुपित असतं, ते काकाजींना शास्त्र शिकण्याआधी कळलं. सूर्य बुडाला की वातावरणातला जो खालचा थर दिवसभर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो तो विरतो, आणि वरचे थर त्या लहरी दूरवर परत पाठवतात. दिवसा जेमतेम नागपूर लागणारा रेडिओ रात्री कुठल्या कुठल्या गावांचे आवाज आणतो. शॉर्ट वेव्हवर सिलोन होतंच. बुधवारी रात्री आठला अख्खं गोंदिया अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायचं. काकाजी मात्र गाण्यांना 'तपासातला व्यत्यय' म्हणत. पण या दूरच्या आवाजांना एक खोड असते. ते येतात आणि जातात. वाक्याच्या सुरुवातीला माणूस कानाशी बोलतो, मध्ये बालाघाटच्या जंगलात जातो आणि क्रियापदाला परत येतो. रहस्यनाटकात हे केवढं घातक! "इस क़त्ल के पीछे जिस आदमी का हाथ है, उसका नाम है..." आणि खर्रर्र. आवाज परत येतो तेव्हा हातकड्या पडलेल्या असतात आणि इन्स्पेक्टर चहा मागत असतो.

त्यात गोंदिया जंक्शन. हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या रात्रभर चालतात आणि शिट्टी मारायची त्यांची वेळ नाटकाच्या लेखकानं ठरवल्यासारखी असते. एका नाटकात खून रेल्वेच्या डब्यात झाला होता. गाडीची शिट्टी झाली तेव्हा ती नाटकातली की गोंदियाची, यावर काकाजी आणि शेजारच्या बांधीतला जागल्या यांची अशी जुंपली, की त्या नादात खुनी निसटला. ती केस काकाजींच्या दफ्तरी कित्येक वर्षं उघडीच होती. संशयित चार: मुनीम, भाचा, डॉक्टर आणि तिकीट तपासनीस. काकाजींचा संशय मुनिमावर. कारण? "सबन रडले, मुनीम खोकलला. जो रडाच्या येळी खोकलते, तो हिशोबात असते." इतकी वर्षं राइस मिलच्या मुनिमांशी काकाजी जपून बोलतात, ते यामुळे.

१८ मे १९८८ ला आकाशवाणीचं नॅशनल चॅनल सुरू झालं, तेही नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर, आणि रात्रभर. काकाजींना हा प्रकल्प आपल्यासाठीच मंजूर झाला आहे असं वाटलं. एवढा दणदणीत ट्रान्समीटर आपल्या बाजूला, आणि झोपणार कोण? पण गंमत पाहा, आवाज इतका स्वच्छ यायचा की काकाजी हिरमुसले. अंदाज करायला काही उरलंच नाही. ते मुद्दाम काटा थोडा सरकवून ऐकत. डिसेंबर २०१८ मध्ये ते चॅनल बंद झालं तेव्हा हळहळलेल्या मोजक्या लोकांत काकाजी होते, आणि ज्या पुतण्यानं "ते अजून चालू होतं?" असं विचारलं त्याच्याशी ते काही दिवस बोलले नाहीत.

टीव्हीनं त्यांना जिंकलं नाही. १९८५ मध्ये 'करमचंद' आला, पुढे १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी'. सगळं गाव एका टीव्हीसमोर गोळा झालं. काकाजींनी टीव्हीकडे पाठ करून ऐकलं. त्यांचा आक्षेप साधा आहे. टीव्हीवर ज्या छोट्या भूमिकेत ओळखीचा नट दिसतो तोच खुनी. कंपनीनं त्याला एवढे पैसे काय दार उघडायला दिले? रेडिओवर सगळे सारखेच अनोळखी. हा युक्तिवाद मला आजवर खोडता आलेला नाही.

आता दाराचं. काकाजींच्या मागच्या दाराची बिजागरी करकरते आणि ते तिला तेल घालू देत नाहीत. रात्री कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, किती घाबरून आलं, हे सगळं त्या करकरीवरून त्यांना कळतं. पोट्टे मोठे झाले तरी या दारामुळे सरळ वळणाचे राहिले. दिवाळीच्या साफसफाईत काकींनी गुपचूप तेल सोडलं, तर रात्रभर काकाजी जागे. "दाराचा आवाज गेला. कोनीतरी पुरावा मिटवून रायलं."

हसू नका. करकरणाऱ्या दाराचा मान अमेरिकेतही आहे. १९४१ मध्ये तिथे 'इनर सँक्टम' नावाची रहस्यमालिका रेडिओवर आली, ती दाराच्या करकरीनंच सुरू व्हायची. हायमन ब्राऊन हा तिचा निर्माता. त्यानं १९७४ मध्ये 'सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर' काढलं तेव्हाही ते दार सोबत नेलं. असं सांगतात, की तो आवाज दाराचा नव्हताच, एका जुन्या गंजक्या खुर्चीचा होता, आणि कोणा भल्या माणसानं ती खुर्ची दुरुस्त केली तेव्हा ऐन कार्यक्रमात पंचाईत झाली. ही गोष्ट मी काकाजींना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "ऐकलं का? तिकडेबी तेल घालनारे हायेत."

काकी मात्र सहनशील. त्यांचं म्हणणं, दारूपेक्षा नाटक बरं. शिवाय त्यांना एक फायदा आहे, जो त्या कोणाला सांगत नाहीत. काकाजींना पावलं ऐकू येतात, किल्ल्या ऐकू येतात, अर्ध्या कोसावरची मालगाडी किती डब्यांची ते ऐकू येतं. "दळण आना" हे मात्र ऐकू येत नाही. त्यामुळे काकींनी उपाय काढला. दळण हवं असलं की त्या दबक्या आवाजात शेजारणीला सांगतात, "त्याइले सांगू नको बाई, पन डब्यात पीठ नाही." पाच मिनिटांत काकाजी डबा घेऊन चक्कीवर हजर.

गेल्या हिवाळ्यात पुतण्यानं पराक्रम केला. काकाजींची ती रेल्वेची केस त्यानं त्यांच्या तोंडून इतकी ऐकली होती की मोबाइलवर जुनी नाटकं शोधता शोधता त्याला ती सापडली. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवली होती. मुनीम होता, भाचा होता, डॉक्टर होता, तिकीट तपासनीस होता. खोकलाही होता. त्यानं काकाजींना खाटेवर बसवलं, फोन मध्ये ठेवला, आवाज मोठा केला. आम्ही चार-पाच जण भोवती. खुन्याच्या नावाची वेळ आली तशी काकाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. शिट्टी झाली, ती नाटकातलीच होती. आणि नाव स्वच्छ ऐकू आलं: भाचा.

पुतण्या विजयानं बघू लागला. काकाजींनी फोन बंद करायला सांगितला, चष्मा पुसला आणि विचारलं, "मुनिमाचा खोकला ऐकला तुम्ही?"

"ऐकला, काकाजी. पण इन्स्पेक्टरनं भाच्याला पकडलं ना!"

"चूक केली त्यानं," काकाजी म्हणाले. "पंधरा मिन्टात तपास कराचा म्हटलं तं असंच होते. म्या वर्षं घातली त्याच्यात."

भाचा निर्दोष आहे. मुर्रीत हे आता सर्वमान्य झालं आहे, आणि मिलचा नवा मुनीम सर्दी झाली तरी काकाजींसमोर खोकत नाही. तुम्हाला कधी त्यांच्याकडे जायचं असलं तर एक सांगून ठेवतो. विविधभारतीवर 'हवामहल' अजूनही लागतो. तो संपल्यावर जा, चप्पल उचलून टाका, आणि मागच्या दारानं मुळीच जाऊ नका.