एक जूनची माणसं

तारखांच्या देवाणघेवाणीत महिन्याचे पहिले बारा दिवस काय ते धोक्याचे. २५/१२ म्हटलं की जगात कुठेही नाताळच. पंचविसावा महिना काढण्याची हिंमत अजून अमेरिकेनेही केलेली नाही. पण ०४/०७ आपल्याकडून निघतं तेव्हा चार जुलै असतं आणि अमेरिकेतल्या संगणकात शिरताना सात एप्रिल होतं. कुठे तांबडा दिवा लागत नाही, कुणी हटकत नाही. हिशेब केला तर वर्षातल्या १३२ तारखा अशा दुतोंडी निघतात. (१/१, २/२ अशा बारा तेवढ्या सज्जन.) उघड चुकलेली तारीख परवडली, यंत्र ती निदान परत तरी पाठवतं. बरोबर दिसणारी चूक मात्र आत जाऊन ऐसपैस मांडी घालून बसते.

तोडगा १९८८ सालीच निघाला आहे. आयएसओ ८६०१ : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस; एकेरी आकड्याआधी शून्य. दिसायला रुक्ष खरं, पण फाइलींच्या नावाआधी अशी तारीख घातली की नावानुसार लावताच त्या काळानुसार रांगेत उभ्या राहतात. मला तरी एवढ्यावरच हे प्रमाण आवडतं.

एक्सेलला मात्र न विचारता मदत करायची हौस. तारखेसारखं काही दिसलं की केलीच त्याची तारीख! माणसाच्या काही जनुकांची लघुनावं ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. त्यांच्या तारखा झाल्या आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांतही तशाच गेल्या. एक्सेल बदलेना, तेव्हा २०२०च्या सुमारास जनुकांचीच नावं बदलली. सासरच्यांच्या जिभेवर बसेना म्हणून सुनेचं नाव बदलावं, तसं.

आपल्याकडे तर आयएसओच्याही आधीपासून हेडमास्तरांचं प्रमाण होतं. पोराचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख कुठली आठवायला! ‘त्या साली दुष्काळ होता’ एवढंच. गुरुजी १ जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्येच उघडायची, वयही बसायचं. त्यामुळे महाराष्ट्रात कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. ०१/०६ असं लिहून ही मंडळी अमेरिकेला गेली, तर सगळी ६ जानेवारीला, ऐन पत्रकारदिनी जन्मलेली ठरतील. १९६५-०६-०१ लिहिलं की तो घोळ मिटतो. पासपोर्ट, पेन्शन, मुलाकडे जायचा व्हिसा, सगळं बिनचूक जुळतं.

घरातली थोरली आत्या मात्र ठासून सांगते, ‘अरे, त्या दिवशी पोळा होता, बैल रंगवायचे राहिले होते!’ पोळा म्हणजे श्रावणी अमावस्या. काशीच्या पंचांगात तीच अमावस्या भाद्रपदात जाते, हे आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.