एकाग्रता भंगू नये म्हणून

वाघ, माळढोक आणि पुरुष शास्त्रज्ञाची एकाग्रता, या तीन नाजूक गोष्टींचं आपल्या देशात मोठ्या जिव्हाळ्यानं संरक्षण होतं. पहिल्या दोघांना अभयारण्यं मिळाली. तिसरीसाठी गेली नव्वद वर्षं सगळी व्यवस्थाच खपते आहे आणि त्याबद्दल कुणी तिची पाठ थोपटत नाही. ती कसर आज भरून काढू.

या संरक्षणकार्याची ठळक नोंद १९३३ ची. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत ही मुलगी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्रवेशासाठी अर्ज करते. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. पहिला नंबर आहे म्हणजे प्रवेश आहे, असा तिचा भाबडा हिशोब. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज मुलीचा आहे एवढं त्यांना नकारासाठी पुरलं. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल मिळालं होतं. प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्याच्या रंगात पडणारा बारीकसा फरक ज्यांनी जगाला दाखवला, त्यांना पहिला नंबर दिसू नये हे जरा विचित्र वाटतं खरं. पण उपकरण कितीही संवेदनशील असलं तरी ते एकाच गोष्टीसाठी बनवलेलं असतं.

कमलाबाईंनी सत्याग्रह केला. त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष असताना, व्यासपीठावर यशवंतराव चव्हाण असताना, ज्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्या दुर्गाबाई. तेव्हा ‘नाही’ ऐकून मुकाट परतायची या घरात पद्धत नसावी. रामन नमले, पण अटी घालून. वर्षभर तिला नियमित विद्यार्थी मानलं जाणार नाही. संचालकांना दर्जा पटला तरच तिच्या कामाला मान्यता मिळेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजेच पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

शेवटची अट सावकाश वाचण्यासारखी आहे. लक्ष त्यांचं, ते विचलितही तेच करून घेणार आणि सांभाळायचं हिनं. आउटसोर्सिंगचा धंदा भारतात बंगळूरमध्ये फोफावला म्हणतात ते बरोबर आहे, फक्त लोक साल चुकीचं सांगतात.

त्या वर्षभरात कुणा सद्गृहस्थाची एकाग्रता भंग पावल्याचं ऐकिवात नाही. कमलाबाईंचं काम मात्र संचालकांना पटलं आणि पुढे मुलींना तिथं प्रवेश मिळू लागला. त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम केलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. प्रबंध अवघ्या ४० पानांचा. आपल्याकडे तेवढ्या पानांत काहीजणांचे ऋणनिर्देशसुद्धा आटपत नाहीत. परतल्यावर लग्न होऊन त्या कमला सोहोनी झाल्या, नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. ती खुर्चीही सरळ मिळाली नाही, काही वर्षं वाट पाहायला लावूनच मिळाली. बंगळूरची संस्था १९०९ पासून चालू आहे. तिथल्या संचालकांच्या खुर्चीत आजवर एकही बाई बसलेली नाही. परिवीक्षा कालावधी थोडा लांबला असावा.

मग १९७४ उजाडलं. त्याच संस्थेच्या सूचनाफलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली: तरुण, हुशार, कष्टाळू अभियंते पाहिजेत, महिलांनी अर्ज करू नयेत. तिथं एम.टेक. करणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी मिळाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला अभियंता रुजू झाली. ही गोष्ट आपण वर्षानुवर्षं मुलींना प्रेरणा म्हणून ऐकवतो. तिच्यातला प्रशासकीय धडा कुणी सांगत नाही: महिला अभियंत्याला नोकरीला लागण्यासाठी पदवी, हुशारी आणि कंपनीच्या मालकाचा पत्ता एवढी कागदपत्रं लागतात.

कंपनीला तरी का बोल लावायचा? १९४८ च्या कारखाना कायद्यानं संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात ठेवायला मनाई केली होती. १९५२ च्या खाण कायद्यानं तिला जमिनीखाली उतरायलाच बंदी घातली. हेतू पूर्ण चांगला, तिची काळजी. रस्त्यावर दिवे लावायला आणि बस सोडायला पैसे पडतात, बाईला घरी बसवायला एक कलम पुरतं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीची वाट मोकळी केली आणि २०१९ मध्ये केंद्रानं भूमिगत खाणीतल्या तांत्रिक व देखरेखीच्या कामांना परवानगी दिली. तोवर मायनिंगची पदवी घेणाऱ्या मुलीनं खाण वरून बघायची होती. विहीर काठावरून बघतात तशी.

आता असं उघड कुणी लिहीत नाही. अटी जाहिरातीतून निघाल्या आणि मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसल्या. मेकॅनिकलची मुलगी समोर आहे. टेबलापलीकडे तिघे सज्जन, चहा, क्रीमची बिस्किटं.

“लग्नाचं काय ठरवलंय?”

“सर, अजून काही नाही.”

“म्हणजे करणार आहात.”

“कधीतरी, सर.”

“मग मिस्टरांची बदली झाली तर?”

अजून जन्मकुंडलीतही न उगवलेल्या मिस्टरांची बदली तिघांनी मिळून नागपूरला करून टाकली आणि मुलगी नापास झाली. तिच्यानंतर आत गेलेल्या मुलाला गिअर ट्रेनवर प्रश्न आला. त्याचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. एकाग्रता!

सिव्हिलवाल्या मुलींची अडचण आणखी वेगळी. “साइटवर लेडीज टॉयलेट नाही हो, तुम्ही ऑफिसात ड्रॉइंग बघा,” असं त्यांना मायेनं सांगतात. साइट कसली, तर तीस मजल्यांच्या टॉवरची. प्रत्येक फ्लॅटला दोन बाथरूम, एक अटॅच्ड. एवढी बाथरूमं उभी करणाऱ्या कंपनीला एक पत्र्याची खोली उभारणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होत नाही, यावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी.

सरकारच्या बाजूनंही प्रयत्नांची शर्थ आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हा निर्णय चांगलाच आहे, यात टवाळी नाही. आयआयटींनी २०१८ मध्ये मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि दोन वर्षांत त्यांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलं. त्याआधी ते ८-९ टक्क्यांवर रेंगाळत होतं. त्यावर कँटीनमध्ये तक्रार सुरू झाली की मुली आता ‘कोट्यातून’ येतात. या जागा वेगळ्या काढलेल्या आहेत, मुलांची एकही कमी झालेली नाही, हे इतक्या वेळा सांगून झालंय. पण ऐकायलाही एकाग्रता लागते.

म्हणजे दारातून आत मुली भरपूर येतात. आपल्याकडे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत मुली चाळीस टक्क्यांहून जास्त आणि प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत साधारण सहात एक. मधल्या कुठे जातात? यावर आम्हा पुरुषांत एकमत आहे: त्या ‘स्वतःहून’ जातात. कुणी ढकलत नाही. शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या भटनागर पुरस्काराला ४५ वर्षांची वयोमर्यादा होती. पीएच.डी., पोस्टडॉक, लग्न, बाळंतपण, सासऱ्यांची बायपास, मुलाची दहावी हे सगळं त्याआधीच्याच वीस वर्षांत येतं हा निव्वळ योगायोग. १९६१ मध्ये असीमा चॅटर्जींना तो पुरस्कार मिळाला, त्या पहिल्या. साठ वर्षांनी, २०२१ मध्ये ११ जणांना मिळाला आणि २०२२ मध्ये १२ जणांना. त्या तेवीस जणांत एकही बाई नाही. याला म्हणतात निःपक्षपातीपणा, एकीला देऊन दुसरीला दुखावलं नाही.

बाया विज्ञानात दिसाव्यात असं मात्र सगळ्यांनाच वाटतं. दिसाव्यात. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत पोचलं आणि रेशमी साड्या, केसांत गजरे माळलेल्या, एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या इस्रोतल्या महिलांचं छायाचित्र देशभर फिरलं. ‘मंगळ जिंकणाऱ्या रणरागिणी’ म्हणून आपण ते फॅमिली ग्रुपवर पुढे ढकललं. नंतर इस्रोनं सांगितलं, छायाचित्रातल्या महिला प्रशासकीय कर्मचारी आहेत. त्यांचा आनंद शंभर नंबरी खरा होता, प्रश्नच नाही. मोहिमेवर राबणाऱ्या महिला शास्त्रज्ञही होत्या, चांगल्या बऱ्याच होत्या. पण त्यांच्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर यान. फोटोत त्या पाठमोऱ्या आल्या असत्या.

तर अशा बायांचा गौरव आम्ही दरवर्षी ८ मार्चला करतो. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजात यंदाचा परिसंवाद होता ‘अभियांत्रिकीतील स्त्री: आव्हाने आणि संधी’. वक्ते पाच, पाचही सर. सूत्रसंचालनाला मॅडम, स्वागताला मॅडम, रांगोळी मॅडमची, नॅकच्या फायलीसाठी फोटो आणि अहवाल मॅडमचा, कारण त्यांचं काम नीटनेटकं असतं. या मॅडम मटेरियल सायन्समधल्या पीएच.डी. खाली लॅबमध्ये त्यांच्या भट्टीत सकाळपासून नमुना तापत होता आणि दुपारी तीनला तो काढायचा होता. पावणेतीनला तिसरे सर ‘स्त्रीमध्ये उपजतच सहनशक्ती असते’ इथवर आले होते. मॅडम हळूच उठल्या, दारापर्यंत पोचल्या, तेवढ्यात प्राचार्यांनी व्यासपीठावरूनच खूण करून त्यांना थांबवलं.

“मॅडम, तुम्ही निघालात तर आभार कोण मानणार?”