मालगाडीबाई, आता येण्याची तसदी घेऊ नये

श्रीमती मालगाडीबाई यांस, स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही पुन्हा मुंबईच्या बंदराकडच्या यार्डांत येऊ घातल्याची कुजबुज कानावर आली. मी शिवडीच्या बाजूला होऊ घातलेल्या एका टॉवरचा होऊ घातलेला रहिवासी. इमारत अजून पायातच आहे, पण खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचे पैसे मी आगाऊ भरले आहेत आणि त्या देखाव्यात तुमच्या वाघिणी कुठेही बसत नाहीत.

तुमचे उपकार आम्ही विसरलो नाही, फक्त त्यांच्यावर डांबर घातलं आहे. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला माणसं गेली, त्याचं कौतुक शाळेत शिकवतात. ज्यांनी त्या रेल्वेत पैसा घातला, त्यांचा डोळा मात्र वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर होता. आम्ही उतारू म्हणजे वरकड उत्पन्न. पुढे 1915 पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत धावली. गोदीतून निघायचं, कॉटन ग्रीनच्या गोदामांना, धान्याच्या डेपोंना, कोळशाच्या वखारींना साइडिंग देत जायचं आणि वडाळ्याहून मुख्य मार्गाला लागायचं, असा तो थाट. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलसुद्धा बोटीतून उतरलेल्या साहेबाला बॅलार्ड पिअरवरूनच उचलायची आणि पेशावरकडे घेऊन जायची. तुमच्याच रुळांवरून, बाई! पण जुनी वंशावळ सांगून या शहरात कुणाला भाड्याची खोलीही मिळत नाही.

मग आम्ही सुधारलो. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. 1989 मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या तर आम्ही चक्क बुजवल्या. माल गेला म्हणजे मालगाडीचं काम संपलं, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. त्यात एकच बारीकशी गोष्ट राहून गेली. दक्षिण मुंबईतली माणसं जेवायची थांबली नाहीत. उलट पूर्वी महिन्याचं वाणसामान एकदा भरायची, ती आता दहा मिनिटांत दारात कोथिंबीर मागवतात.

तो सगळा माल हल्ली भिवंडीच्या गोदामांतून आणि वाशीच्या बाजारातून रस्त्याने येतो. दिवसा अवजड वाहनांना शहरात बंदी, म्हणून ट्रक वेशीवर उभे राहतात. मग तोच माल टेम्पोत चढतो आणि टेम्पो दिवसभर माझ्यापुढे रांगेत असतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून पहिली किसान रेल निघाली, ती थेट बिहारच्या दानापूरला. मुंबईचा कांदा मात्र कसारा घाट ट्रकनेच उतरतो. पलीकडे कोकण रेल्वेवर 1999 पासून भरलेला ट्रकच सपाट वाघिणीवर चढून बसतो आणि ड्रायव्हर डुलकी काढतो. म्हणजे ट्रकला रेल्वेचं वावडं नाही, वावडं आम्हालाच.

तुमची बाजूही मी ऐकून घेतली आहे. तुमची साधी 42 वाघिणींची रेक सुमारे अडीच हजार टन माल ओढते. दहा-दहा टनांचे ट्रक धरले, तर अडीचशे ट्रक रस्त्यावरून कमी. आकडा चांगला आहे, पण तुमच्या खोडीही आम्हाला ठाऊक आहेत. तुम्हाला लांबचा पल्ला लागतो. भिवंडी ते भायखळा एवढ्या अंतरासाठी माल दोनदा चढवायचा-उतरवायचा, तर माथाडींची मजुरीच भाड्याच्या वर जाते. वडाळ्याच्या पुढे तुम्हाला लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागणार. रात्री लोकल थांबतात तेव्हा या म्हणावं, तर ती वेळ रूळदुरुस्तीची. अख्खी रेक एकाच व्यापाऱ्याने भरावी हा तुमचा जुना हट्टही आता चालणार नाही. भायखळ्याच्या किराणावाल्याला 42 वाघिणी नकोत, अर्धी वाघीण हवी असते.

कुणी पॅरिसचा दाखला देईल. तिथे एका दुकानसाखळीचा माल 2007 पासून काही वर्षं उपनगरी गाडीच्याच रुळांवरून शहरात बेर्सीच्या मालधक्क्यापर्यंत यायचा आणि पुढे गॅसवरच्या ट्रकांनी दुकानोदुकानी जायचा. छोटी गाडी, ठरलेली वेळ, ठरलेला माल. पण त्यांच्याकडे शहराच्या पोटात मालधक्का शिल्लक होता, हे लक्षात घ्या. आमच्याकडेही आहे म्हणा, अजून. वडाळ्याचं यार्ड कुणी उचलून नेलेलं नाही. दोन रूळ, एक फलाट आणि टेम्पो वळायला जागा एवढंच राखून ठेवलं, तर तुम्हाला पुन्हा दार उघडता येईल, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. म्हणून आराखड्यावरची रेघ वाळायच्या आत तिथे पाया खणावा, अशी माझी सर्व संबंधितांना कळकळीची विनंती आहे. एकदा पाया भरला की तुमच्यासाठी नवी जमीन विकत घेण्याची ऐपत या शहरात कुणाचीच नाही, रेल्वेचीही नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
(भावी) समुद्राभिमुख रहिवासी

ता. क. : आत्ताच बिल्डरचं पत्र आलं. सिमेंट आणि सळयांचे ट्रक रात्रीशिवाय शहरात सोडत नाहीत, म्हणून ताबा आणखी लांबणार. तेव्हा बाई, सिमेंटची एक-दोन रेक वडाळ्यापर्यंत आणून देता येईल का? माल उतरवून लगेच निघायचं, आणि येण्याआधी बाकीच्या सदनिकाधारकांना कळू द्यायचं नाही.