भीतीची बेरीज

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नारायण पेठेत ते समोरून येताना दिसले की पन्नाशीतली माणसं आजही स्कूटर थांबवून हँडलला अडकवलेलं हेल्मेट डोक्यात घालतात. सरकारला पुण्यात जे जमलं नाही, ते सरांच्या एका भुवईला जमतं.

सरांनी हयातभर गणित शिकवलं. म्हणजे वर्गात आधी भीती पसरवली आणि मग त्या शांततेत भूमिती मांडली. त्यांच्या कोल्हापुरी चपलांचा आवाज जिन्यात आला की आख्ख्या आठवी ‘ब’चे श्वास अडकत. पोरगं घाबरलं की एकाग्र होतं, असा त्यांचा सिद्धान्त. तो आजवर कुणी खोडून काढलेला नाही, कारण त्यासाठी लागणारं धैर्य त्यांच्या विद्यार्थ्यांत शिल्लक राहिलं नव्हतं. मीही त्यातलाच. आता त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतो आणि घरात अनवाणी चालतो.

अशा माणसाच्या घरी नातवाने ‘दहावी होईपर्यंत सांभाळा’ म्हणून एक बजी आणून ठेवली. आकाशी रंग, हनुवटीखाली काळे ठिपके, चोचीवरचा भाग निळा, म्हणजे नर. वजन जेमतेम ३५ ग्रॅम. सर पिंजऱ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर सरकवला आणि सवयीने म्हणाले, “हं!”

पक्षी मागच्या जाळीला जाऊन लटकला. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताणलेली, काडीसारखा बारीक झालेला. ही मुद्रा माझ्या ओळखीची होती. फळ्यासमोर उभं केल्यावर आम्ही सगळे असेच दिसायचो.

“अहो, ‘हं’ काय? बोला की जरा त्याच्याशी,” काकू म्हणाल्या.

“काय बोलू? त्याला काही येतं का?”

पण सर हाडाचे शिक्षक. विद्यार्थी मठ्ठ असला तर चालेल, आपली तयारी कच्ची असता कामा नये. त्यांनी पुस्तकं आणली, दोनशे पानी वही घातली, समास आखला. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, रखरखीत मुलखात थव्याने राहणारा जीव. १८४० साली जॉन गूल्डने जिवंत जोडी इंग्लंडला नेली आणि तिथून तो जगभर घरोघरी पोचला, ही माहिती त्यांनी पहिल्या पानावर लिहिली आणि दाण्याच्या दुकानात जाऊन सांगितली. दुकानदार बिचारा “लव्हबर्डचं खाद्य ना?” एवढंच म्हणाला होता. लव्हबर्ड आफ्रिकेतले, हे त्याला सरांनी उभ्या उभ्या शिकवलं. मागची गिऱ्हाइकं राळ्याची पुडी न घेताच निघून गेली. चोच घासायला समुद्रफेन लागतो, म्हणून सर काष्ठौषधीच्या दुकानात गेले. “कुणाचा कान फुटलाय?” दुकानदाराने विचारलं. “कान कुणाचा फुटलेला नाही, पण पिळला जाऊ शकतो,” असं म्हणून सरांनी सुट्टे पैसे मोजून दिले.

वाचता वाचता एक अवघड प्रमेय पुढे आलं. ज्याला इतर जीव खातात, त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आणि दोन्ही डोळे समोर रोखून टक लावून बघणारा प्राणी त्याला शिकारीच वाटतो. सरांचं तर सगळं अध्यापन त्या रोखलेल्या नजरेवर उभं! तरीही त्यांनी बदल केला. पिंजरा भिंतीला लावला, त्याच्या तीन बाजू जुन्या धोतराने झाकल्या, आणि स्वतः काटकोनात बसून, कालनिर्णयकडे तोंड करून, पक्ष्याला हळू आवाजात पंचांग वाचून दाखवायला सुरुवात केली. सरांचा हळू आवाज मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा ऐकला. चतुर्थी कधी, चंद्रोदय किती वाजता, एकादशी स्मार्त की भागवत, सगळं त्या पक्ष्याला ठाऊक झालं.

इथवर कौतुकाचं. पण भीतीचं एक गणित असतं: एकूण बेरीज कायम राहते. एका पदातून वजा केली की दुसऱ्यात मिळवावी लागते. पक्ष्याच्या वाट्याची भीती हळूहळू इमारतीत वाटली जाऊ लागली. सरांच्या दाराची बेल काढली गेली. दूधवाला पिशवी ठेवून खाकरत असे, तेही बंद झालं. काकूंचा नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला. फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, हे खरंच आहे. पण “मी इतकी वर्षं त्याच तव्यावर तुमची घावनं केली,” या वाक्याला सरांकडे उत्तर नव्हतं. कुकरला दोनच शिट्ट्यांची परवानगी, वरण शिजो न शिजो. जिन्यात क्रिकेट खेळणारी मुलं बुद्धिबळाकडे वळली. सरांनी पाटी मात्र लावली नाही. लिहिलेलं लोक वाचून विसरतात, तोंडी सांगितलेलं विसरत नाहीत, हा त्यांचा अनुभव.

मग हाताचं प्रात्यक्षिक. पिंजऱ्याचं दार उघडून राळ्याचं कणीस धरलेला हात आत न्यायचा आणि हलायचं नाही. या हाताने फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढलेलं मी पाहिलंय. तो हात आता थरथरत होता. पक्षी दांडीवरून तिरका तिरका सरकत आला, थांबला, मान वाकडी करून एका डोळ्याने सरांच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. मग एक दाणा टिपला. चोचीत फिरवून सोललेलं टरफल सरांच्या तळहातावर पडलं. सरांनी श्वास रोखला होता. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि पक्षी पुन्हा जाळीला.

सर काकूंकडे वळले. दोन्ही डोळे समोर रोखून.

त्या दिवसापासून सगळ्या इमारतीने श्वास रोखला. आमच्याकडे मिक्सर दुपारी लागेना, तळमजल्यावरचे आजोबा उशीत तोंड खुपसून शिंकत. कॅलिफोर्नियातल्या ‘पक’ नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. हा बाराचा घन आहे हे सरांच्या तत्काळ ध्यानात आलं आणि पाढे बारापर्यंत तरी घ्यायचे असं ठरलं. पण विद्यार्थी सुताएवढाही पुढे सरकत नव्हता. इतकी शांतता, इतका अभ्यास, आणि हा आपला ताठरलेला, पिसं आवळून बसलेला.

अशात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले. पहिल्या संध्याकाळी सरांनी खिडक्या लावल्या, फटींत गोधड्या कोंबल्या, पिंजरा आतल्या खोलीत नेला. काही उपयोग नाही. शेवटी तडक पात्रात उतरून त्यांनी पथकप्रमुखाला गाठलं. त्या मुलाने हे आजोबा कोण म्हणून वडिलांना फोन लावला. वडील आठवी ‘ब’चे निघाले. फोनवरही ते उठून उभे राहिले असणार. मुलाने हात जोडले, पण ढोल थांबले नाहीत.

सर तणतणत घरी आले, तर आतल्या खोलीतून भलताच गोंगाट. पक्षी दांडीवर मान वरखाली करत चिवचिवत होता, पिसं फुलवून, ढोलाच्या वर आवाज काढत. सरांनी बोट पोटाशी नेलं, तर काही अडचणच नसल्यासारखा तो त्यावर चढला आणि समाधानाने चोच कुरकुर घासू लागला.

रात्री उशिरापर्यंत सरांच्या खोलीतला दिवा चालू होता. थव्यात किलबिल चालू असते तोवर सगळं ठीक. सगळे एकदम गप्प झाले म्हणजे कुणाला तरी ससाणा दिसलेला असतो. आम्ही पाळलेली ती शांतता त्या जिवाला इतके दिवस ससाण्याची वाटत होती. त्यांनी वहीत ते लाल शाईने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. काकूंनी सकाळी मला वही दाखवली.

त्याच संध्याकाळी सर कोल्हापुरी चपला घालून जिन्यात उभे राहिले. मुलं पटावरून उठली, दारं किलकिली झाली. सरांनी चष्मा वर सरकवला, चौफेर नजर फिरवली आणि गरजले, “गप्प काय बसलाय सगळे? आवाज करा!”

चारही मजले चिडीचूप.