डाळीचा डबा आणि डॅशबोर्ड

आमच्या घरी गेल्या तिमाहीत सर्वांत जास्त डोकं कशावर खर्च झालं असेल, तर खर्च लिहिण्याचं सॉफ्टवेअर निवडण्यावर. तेवढ्या वेळात आम्ही चौघांनी मिळून दहा वर्षांचा खर्च नुसता आठवून लिहून काढला असता. पण मार्च संपता संपता चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, महिन्याला आपले पैसे जातात तरी कुठे?" आणि माझ्या तोंडून चुकून खरं उत्तर गेलं : "किरकोळीत."

चिरंजीव पुण्याच्या कंपनीत असतात, म्हणजे डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये बसून काम करतात. त्यांनी संध्याकाळपर्यंत सोळा निकषांचा तुलनात्मक तक्ता केला. रीतसर समिती नेमली गेली. अध्यक्ष सौ., सचिव चिरंजीव, ज्येष्ठ सदस्य आई. मी पैसे भरणार असल्यामुळे मला मत नव्हतं.

प्रत्येकाने आपली एक अट सांगायची होती. सौ. म्हणाल्या, "त्याने माझ्या मोबाइलवरचे मेसेज वाचता कामा नयेत." चिरंजीवांना प्रत्येकासाठी वेगळं लॉगिन हवं होतं. आई म्हणाली, "मला काही दाबायला लावू नका." मी एवढंच सुचवलं की 'बाहेरचा चहा' या बाबीचा तपशील मागणारं सॉफ्टवेअर नको. स्वतःचा खर्च घरात कळावा, अशी अट एकानेही घातली नव्हती.

पहिला मान फुकटच्या ॲपला मिळाला. ते माझ्या मोबाइलमधले बँकेचे मेसेज वाचून खर्चाची आपोआप वर्गवारी करायचं. २०१६ साली यूपीआय आलं, आणि आता दहा रुपयांच्या कटिंगचीही बँकेत नोंद होते. ऑफिससमोरच्या टपरीवरचा क्यूआर कोड मात्र टपरीवाल्याच्या बायकोच्या खात्याचा आहे. महिनाअखेरीस ॲपने जाहीर केलं की मी एका बाईला, तिच्या आडनावासकट, सत्तेचाळीस वेळा पैसे पाठवले आहेत. वेळ सकाळी साडेदहा आणि दुपारी चार. वर्गवारी 'कुटुंब व मित्रपरिवार'.

सौं.नी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो, ही कोण?"

"चहा."

"बाईच्या नावाचा?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः टपरीवर आल्या, कटिंग प्यायल्या, कोड स्कॅन करून नाव ताडून पाहिलं आणि "साखर जास्त असते" एवढंच बोलून गेल्या. ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकलं. जाता जाता त्याने 'तुमचा खर्च प्रमाणाबाहेर आहे' असा लाल इशारा दिला आणि त्याच्याच खाली हिरव्या अक्षरांत 'तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज तयार आहे' असं कळवलं. व्यसनमुक्ती केंद्र आणि देशी दारूचं दुकान एकाच गाळ्यात चालवावं, तसा हा धंदा.

मग पैसे देऊन घ्यायच्या परदेशी सॉफ्टवेअरकडे वळलो. त्यांचं तत्त्व असं की पगार झाला की प्रत्येक रुपयाला आधीच काम नेमून द्यायचं. आई म्हणाली, "म्हणजे पाकिटं." तिने चाळीस वर्षं दूध, वाणी, फी आणि भिशी अशी चार पाकिटं करून संसार चालवला. फरक एवढाच, की पाकिटांची वर्गणी डॉलरमध्ये नव्हती. शिवाय हिशेब ठेवणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब फारसा बरा दिसेना. मायक्रोसॉफ्टने 'मनी'ची विक्री २००९ साली थांबवली. त्याच वर्षी इन्ट्युइटने सतरा कोटी डॉलर मोजून 'मिंट' विकत घेतलं आणि मार्च २०२४मध्ये तेही बंद केलं. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला 'कालनिर्णय' आहे. ते १९७३पासून निघतंय, आणि दुधाचे खाडे लिहायला त्याने कधी पासवर्ड मागितलेला नाही.

"मग ग्नूकॅश घेऊ," सचिव म्हणाले. "फुकट आहे, जाहिरात नाही, आणि खरी द्विनोंदी पद्धत आहे." माझे कान टवकारले. बारावीला पुस्तपालनात मी याच पद्धतीपायी काठावर पास झालो होतो. लुका पाचोलीने ती १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून काढली. व्यापारी आधीपासून वापरतच होते, त्याने नीट मांडून दिली. एका खात्यावर नावे टाकलं की दुसऱ्यावर जमा झालंच पाहिजे, रुपया अधांतरी राहता कामा नये. पण पाचोली होता फ्रान्सिस्कन संन्यासी. त्याला संसार नव्हता.

आम्हाला आहे. ग्नूकॅशमध्ये आरंभीच्या शिलका भरताना अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या भावाला फ्लॅटच्या वेळी दिलेले पन्नास हजार कुठे लिहायचे? येणं की बुडीत?" मी म्हणालो, "हातउसने." सचिवांनी खात्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मालमत्ता होती, देणी होती, उत्पन्न, खर्च, भांडवल होतं. हातउसने नव्हतं. येणं लिहावं तर मागावं लागेल, बुडीत लिहावं तर भावाला तोंड कसं दाखवणार? ज्या पैशाची आठवण दोघांनाही असते आणि उल्लेख दोघेही करत नाहीत, त्याला पाचशे वर्षांत कुणी खातं काढलेलं नाही.

आई उठून आत गेली आणि आहेराची वही घेऊन आली. लाल कापडी पुठ्ठा, पानं पिवळी पडलेली. डाव्या बाजूला कुणी किती दिलं, उजव्या बाजूला आपण त्यांच्याकडे किती दिलं. एकशे एक, स्टीलचा डबा, पातळ (हलकं), दोनशे एक्कावन्न, पातळ (आपलंच परत आलं). एकही ओळ अर्धी नव्हती. चिरंजीव बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "आजी, ही द्विनोंदीच आहे." आई म्हणाली, "असेल. मी तर कुणी बोलू नये म्हणून ठेवली."

आता शेवटचा रकाना उरला : घरातली रोख शिल्लक. सगळे गप्प झाले आणि सगळ्यांची नजर नकळत फडताळाकडे गेली. तिथे तूरडाळीचा पितळी डबा आहे. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्या डब्याच्या तळातून साडेसतरा हजार निघाले होते. मग तांदळाच्या डब्यातून सौं.चे अकरा हजार निघाले. मग मलाही शब्दकोशाच्या पुठ्ठ्यातून चार हजार काढावे लागले. या घराचं संपूर्ण लेखापरीक्षण झालं ते तेवढंच. सासू-सुनांनी एकमेकींच्या गठ्ठ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसा आदर या घरात त्याआधी आणि त्यानंतर मी पाहिलेला नाही. नंतर डबे पुन्हा भरले असणार. कुणी विचारत नाही.

"रोख शिल्लक किती?" सचिवांनी विचारलं.

"शून्य," तीन आवाज एकदम आले.

हे सॉफ्टवेअर प्रामाणिक असल्यामुळे नापास झालं. अखेर तक्त्यात अकराव्या नंबरावर असलेलं एक देशी ॲप एकमताने मंजूर झालं, कारण त्यात 'इतर' या सदराला मर्यादा नव्हती. दुधाचं बिल दर महिन्याला आपोआप भरायची सोयही होती. पहिल्याच महिन्याच्या अखेरीस डॅशबोर्डवर निळ्या रंगाचं एक सुबक वर्तुळ उमटलं. दूध, एकतीस दिवसांचं, रोज एक लिटर साठ रुपयांनी, एक हजार आठशे साठ. चिरंजीवांनी मोबाइल आईपुढे धरला.

आईने वर्तुळाकडे पाहिलंच नाही. तिने खिळ्यावरचं कालनिर्णय काढलं. नऊ, सतरा आणि अठ्ठावीस तारखेच्या चौकोनांत पेन्सिलीच्या फुल्या होत्या. सकाळी दूधवाला भैया येताच तिने ते पान त्याच्यासमोर धरलं. तो ओशाळला, खिसे चाचपले, म्हणाला, "आजी, पैसे तर मोबाइलवर आलेत." आजी दारातून हलली नाही. मग त्याने एकशे ऐंशी रुपये रोख मोजून दिले.

ॲपमध्ये ते एकशे ऐंशी रुपये अजूनही दुधात आहेत. डाळीच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मी ऐकला. सचिवांनीही ऐकला असावा, पण ते कॉलवर होते.